रेनो लाहटेलाची यादी

टॅमरॅक हार्बरमध्ये कुणाला जुना लॅपटॉप घ्यायचा झाला, की आधी बायकोला विचारायचं आणि मग रेनो लाहटेलाला, अशी पद्धत होती. पुष्कळ जण पहिली पायरी गाळायचे.

रेनो एकाहत्तर वर्षांचा. सगळी नोकरी काउंटीच्या रस्तेखात्यात, बर्फ काढणारे ट्रक दुरुस्त करण्यात गेली. अमेरिकेतल्या सुपिरिअर सरोवराच्या काठी बर्फ काही कुणाच्या सुट्ट्या बघून पडत नाही, त्यामुळे सुट्टी म्हणजे काय हे त्याला निवृत्त झाल्यावरच कळलं. निरोपाला खात्याने त्याला एक घड्याळ दिलं आणि मोडीत काढलेला एक संगणक दिला. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. संगणकावर त्याने कुणाच्या तरी सांगण्यावरून लिनक्स घातलं, आणि तो अजून चालतो. फुकट मिळणारं, कुणीही उघडून बघावं आणि दुरुस्त करावं असं सॉफ्टवेअर असू शकतं, हे कळल्यावर रेनोला वाटलं, हे तर आपल्याच गॅरेजमधल्या माणसांनी लिहिलेलं दिसतंय. त्या दिवसापासून त्याचं मत पक्कं झालं की वस्तू आपण होऊन मरत नाहीत, नवीन खपवणारे त्यांना मारतात.

त्याच्या शर्टाच्या खिशात चष्म्याशेजारी कायम एक पेनड्राइव्ह असायचा. चर्चचा जुना बाजार असो की कुणी वारल्यावर त्याच्या घरातल्या सामानाची विक्री, इतर लोक लॅपटॉप उघडून काचेला तडा गेलाय का बघायचे. रेनो पेनड्राइव्ह खुपसून आपलं लिनक्स तिथल्या तिथे चालवून बघायचा, आतलं काही न पुसता. मग चार परीक्षा. वायफाय पकडतो का, आवाज येतो का, कॅमेऱ्यात तोंड दिसतं का, आणि झाकण मिटलं की झोपतो का, झोपला तर पुन्हा उठतो का. चौथ्या परीक्षेत भलेभले आडवे व्हायचे. तसं झालं की रेनो झाकणावर हलकेच थोपटून म्हणायचा, "झोपू दे बिचाऱ्याला."

निकाल तो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहायचा. पानाला ना रंग ना चित्र. मॉडेलचं नाव, चार खाने आणि खाली 'तपासणारा: आर. लाहटेला'. चौदा वर्षांत सहाशेवर नोंदी झाल्या होत्या. फुकटच्या सॉफ्टवेअरचे भक्त एरवी आपसात अशा गोष्टींवरून भांडतात की दोन्हीकडची पोरं उपाशी राहावीत, पण रेनोच्या पानावर कधी कुणी भांडलं नाही. ओहायोतल्या एका माणसाने तिथे लिहिलं होतं, 'लाहटेला म्हणतो चालतं, म्हणजे चालतं.' रेनोला या वाक्याचा इतका अभिमान होता की त्याने ते कधी कुणाला आपण होऊन सांगितलं नाही. इर्मा सोडून. इर्मा त्याची बायको, तिला रोज.

"तुझ्या त्या ओहायोवाल्याला कळव," इर्मा वेलचीच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवत म्हणायची, "आमच्या तळघरातला पंप चालत नाही म्हणावं. तो तर मेला झोपतही नाही, नुसता कण्हतो."

या अभिमानाला एकदाच खरचटलं होतं, मागच्या वर्षी. पलीकडच्या गावच्या कॉलेजने वीस लॅपटॉप विकायला काढले, रेनोने नेहमीप्रमाणे आठवड्याच्या सुरुवातीलाच जाऊन एक तपासला आणि लिहून टाकलं, चारही खाने पास. शनिवारी तो विक्रीला पोचला तेव्हा थेट ग्रीन बे शहराहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या दोन व्हॅन दारात उभ्या होत्या आणि वीसच्या वीस त्यात चढले होते. व्हॅनवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "लाहटेला म्हणजे तुम्हीच? अहो, तुमच्यामुळे तर आलो." रेनो हसला. घरी येऊन सॉनामध्ये, म्हणजे परसातल्या वाफेच्या खोलीत, बसला तो दीड तास बाहेरच आला नाही. शेवटी इर्माने दार वाजवून विचारलं, की शिजलास का अजून कच्चा आहेस.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे या ऑक्टोबरात गावच्या लायब्ररीवर आलेलं संकट. तिथल्या आठ जुन्या संगणकांची साथ सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने सोडली. महिनाअखेर ते काउंटीच्या जाळ्यातून काढून काउंटीला परत द्यायचे, लिनक्सबिनक्स घालायचं नाही, असा वरून हुकूम आला, आणि नव्यासाठी पैसे नाहीत असाही, त्याच पत्रात. लायब्ररी सांभाळणारी मार्लिस ट्रेवॅरो रेनोच्या घरी आली ती कोट न काढताच बसली.

"बोर्डाने मला एक तारखेपर्यंत मुदत दिलीय," ती म्हणाली. "तोवर आठ संगणक उभे राहिले तर ठीक, नाहीतर ती खोली गोधड्या शिवणाऱ्या बायकांना देऊन टाकणार."

"गोधड्यांवर माझा राग नाही," रेनो म्हणाला.

"माझाही नाही हो. पण ड्वेनला गोधडीवर बेकारभत्त्याचा अर्ज भरता येत नाही ना."

ड्वेन म्हणजे लाकूडतोडीच्या कंपनीतून उन्हाळ्यात काढलेला. दर आठवड्याला अर्ज भरायला तो अकरा मैलांवरून येई, कारण त्याच्या घराकडे इंटरनेट अजून पोचलेलं नव्हतं. असे पंचवीसतीस जण होते. रेनोने मार्लिसला सांगितलं, आठ मिळतील. असं वचन देताना त्याच्या हातात एकही नव्हता, पण ते त्याला बरं वाटलं.

मिळायची वेळही लगेच आली. शाळेने जुन्या सामानाच्या विक्रीची यादी जाहीर केली, त्यात चौदा लॅपटॉप होते. विक्री शनिवारी, जो आधी रांगेत तो आधी. मंगळवारी रेनो शाळेच्या तळघरात हजर झाला. तिथला कर्ट बोशॅम्प हा कोठीवाला त्याचा जुना दोस्त, पाठीच्या दुखण्याने वाकलेला. रेनोने त्याला फार पूर्वीच बजावून ठेवलं होतं, "कर्ट, विक्रीत काही मांडण्याआधी माझं पान बघत जा. जे चालत नाही ते गरिबाच्या गळ्यात बांधू नकोस." आणि कर्ट खरंच बघायचा. त्याच्या आयुष्यात नेमाने वाचलेल्या गोष्टी दोनच, हवामान आणि रेनोचं पान.

कर्टने ढिगातला एक काढून दिला आणि बॉयलर बघायला गेला. रेनोने पेनड्राइव्ह लावला. वायफायने शाळेचं जाळं लगेच पकडलं. आवाज आला. कॅमेऱ्यात एक टोपीवाला म्हातारा दिसला, आनंदात होता. मग त्याने झाकण मिटलं, शंभरपर्यंत आकडे मोजले, उघडलं, आणि लॅपटॉप असा जागा झाला की जणू झोपलाच नव्हता. रेनोने तीनदा मिटून उघडला. काळी, जाड, कुरूप, अस्सल मशीनं होती ती. पुढची दहा वर्षं मरणार नाहीत अशी.

"काय, चालतात का?" कर्टने परत येऊन विचारलं.

रेनोच्या डोळ्यांसमोर दोन व्हॅन आल्या. कर्ट चांगला माणूस, पण त्याला सांगितलेलं दुपारच्या आत न्हाव्याकडे पोचतं. "बघू," तो म्हणाला. "घरी जाऊन लिहितो."

घरी पानावर प्रश्न येऊन पडलेच होते. शाळेची यादी सगळ्यांनी पाहिली होती. ओहायोवाला विचारत होता, ग्रीन बेचा माणूस तर अगदी अदबीने विचारत होता, 'लाहटेलासाहेब, हे तुमच्याच गावात आहेत ना? चालतात का?' गप्प राहिलं तर गप्प बसण्याचा अर्थ लावायला ही मंडळी पक्की होती. खरं लिहिलं तर शनिवारी दारात व्हॅन.

रेनो आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता असं नाही. रस्तेखात्यात होता तो. पण पानावर कधी नाही. तो टेबलाशी बसून राहिला, त्याची कॉफी गार झाली. शेवटी त्याने लिहिलं: 'वायफाय नाही. आवाज खरखरतो. कॅमेरा नाही. झोपला की उठत नाही. घेऊ नका. तपासणारा: आर. लाहटेला.' शनिवारी आठ मशीनं लायब्ररीत नेऊन ठेवायची आणि संध्याकाळी सॉनाला जायच्या आधी खरं लिहून टाकायचं, असं त्याने स्वतःशी ठरवलं. चार दिवसांचा प्रश्न. मार्लिसलाही सांगितलं नाही, कारण तिला आठांची रांग एकदम दाखवायची होती.

"आज ओहायोवाल्याचं काही नाही वाटतं?" जेवताना इर्माने विचारलं.

"तुला काय करायचंय त्याच्याशी?" रेनो खेकसला, आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी तो सकाळी सहाला शाळेच्या दारात पोचला, कागदात गुंडाळलेली मांसबटाट्याची पेस्टी आणि थर्मास घेऊन. रांगेत पहिला. ग्रीन बेची एकही गाडी नव्हती. इतका आनंद आणि इतकी शरम एकाच वेळी झाल्याने त्याने पेस्टी न खाताच पुन्हा कागदात गुंडाळली. नऊला कर्टने दार उघडलं. आत बाकं होती, एक पियानो होता, हॉकीचे बूट होते. लॅपटॉप नव्हते.

"कर्ट, ते चौदा कुठे मांडलेस?"

"मांडतोय कशाला," कर्ट पाठीवर हात ठेवून म्हणाला. "तुझं वाचलं मी मंगळवारीच. चारपैकी एकही खाना नाही, असं तर तू आजवर कुठल्या डबड्याबद्दल लिहिलं नाहीस. गुरुवारी भंगाराचा ट्रक आला होता, दिले चढवून. माझ्या पाठीचे दोन जिने वाचले बघ. देव तुझं भलं करो."

रेनोने हातातला थर्मास पियानोवर ठेवला. "भंगारात," तो म्हणाला.

"तिथे ते लगेच चुरा करतात, काळजी नको. कुणा गरिबाच्या गळ्यात जायचे नाहीत." कर्टने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला काय झालं रे? रंग उतरलाय तुझा. हां, तू हाताळलेला तेवढा एक बाजूला ठेवलाय तुझ्यासाठी. म्हटलं, स्क्रूबिक्रू काढायला लागतील तुला. ने फुकट."

एक तारखेला गोधड्यांच्या बायका खोलीत आल्या. त्या भल्या बायका, त्यांनी लायब्ररीला केकही आणला. रेनोने आपला एकुलता एक लॅपटॉप वर्तमानपत्रांच्या घडवंचीशेजारी एका छोट्या टेबलावर मांडला. मार्लिसने त्यावर लायब्ररीचं पान उघडून बघितलं, झाकण मिटून उघडून बघितलं.

"हा तर छान चालतोय. तुम्ही लिहिलं होतं की—"

"खोटं लिहिलं होतं." आणि रेनोने तिला सगळं सांगितलं, व्हॅनपासून भंगारापर्यंत, टोपी हातात धरून. सांगून झाल्यावर म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं गं मी."

मार्लिसने झाकण पुन्हा एकदा मिटून उघडलं. मग म्हणाली, "मला एकदा विचारलं असतंत, तर कर्टला मीच गप्प बसवलं असतं. त्याच्याकडे लायब्ररीची एकोणीस पुस्तकं थकलीत."

तिथेच उभ्याने रेनोने पानावरची नोंद दुरुस्त केली. 'चारही खाने पास. आधीची नोंद खोटी होती. मीच जाणूनबुजून तशी लिहिली. चूक माझी, मशीनची नाही.' अशा कबुलीनंतर लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती होती, पण जे म्हणायचं ते त्यांनी म्हणून टाकावं अशी इच्छाही होती. सहाशे नोंदींवर पाणी पडलं तरी चालेल, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी तो उत्तरं वाचायला लायब्ररीत आला. घरचा संगणक चालत होता, पण इर्मासमोर वाचायची हिंमत नव्हती.

ओहायोवाल्याने लिहिलं होतं, 'याला म्हणतात मोठेपणा. टाकाऊ मशीनचा दोषही माणूस स्वतःवर घेतो.' क्यूबेकमधल्या एकाने लिहिलं होतं की त्याच्याकडे हेच मॉडेल आहे आणि ते खरोखरच झोपलं की उठत नाही, तेव्हा लाहटेलासाहेबांनी उगाच माघार घेऊ नये. ग्रीन बेच्या माणसाने लिहिलं होतं, 'तुमची पहिली नोंद वाचून आम्ही आलो नाही. आमचं पेट्रोल वाचलं. आभार.' खाली एकोणतीस जणांनी पहिल्याच नोंदीला दुजोरा दिला होता.

रेनोने पुन्हा लिहायला घेतलं. 'मित्रांनो, मी खरं सांगतोय,' एवढं लिहून पुढे काय लिहावं हे त्याला सुचेना.

मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. ड्वेन होता, भत्त्याचा कागद घेऊन. त्याच्या मागे भिंतीला धरून सात माणसं उभी होती, कोट घातलेली, काहीजण अर्ध्या तासापासून.

"रेनो, तुझं उरकलं का?" ड्वेनने हळूच विचारलं. "नाही, सावकाश उरक. एकच आहे ना, म्हणून विचारलं."