सगळ्यांत लांब प्लग

मोटारसायकलचा स्पार्क प्लग मी लांबी बघून विकत घेतला होता. म्हणजे ट्रेमधला सगळ्यांत लांब होता, तो उचलला. हे स्वतःहून सांगायला मला नातवंडं व्हावी लागली. तेव्हा मी चाळिशीची होते. शिलाईच्या कामात पंचक्रोशीत नाव होतं, आणि ज्या बाईला कापड कळतं तिला जगातली कुठलीही वस्तू कळते, असा माझा पक्का समज होता.

२००२ किंवा २००३ साल असेल. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीहून थोडं आत. मिस्टरांकडे जुनी टू-स्ट्रोक गाडी होती. ती इतका धूर सोडायची की तिचा आवाज आला की शेजारीण दोरीवरच्या साड्या उचलून आत न्यायची. थंडीच्या दिवसांत ती सकाळी लागायचीच नाही. मग मिस्टर प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि पकडीत धरून माझ्या गॅसवर भाजायचे. गरम प्लग लावला की गाडी लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण त्यामुळे आमच्या घरी आधी प्लग शिजायचा आणि मग चहा. चहाला पेट्रोलचा वास यायचा. पाहुण्यांनी विचारलं तर मी मसाला नवीन आहे म्हणून सांगायचे.

त्या हिवाळ्यात इटियाडोह धरणाकडच्या एका गावातल्या पोरीच्या लग्नाचा ब्लाउज माझ्याकडे होता. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, तेव्हा ब्लाउजही पांढरा. त्याला लागणारी लेस आणायला मी गोंदियाला गेले होते. बाजारात स्पेअर पार्टचं दुकान दिसलं आणि मला बुद्धी सुचली की नवा प्लग घेऊन टाकू, म्हणजे माझी शेगडी मोकळी होईल.

दुकानदाराने विचारलं, गाडी कोणती. मी सांगितलं. कौन से साल की, म्हणाला. मी म्हटलं, अच्छी है. त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाला, बाई, पुराना प्लग लेके आओ, मिला के देता हूं. मी त्याला सांगितलं की एका प्लगसाठी मी दुसऱ्यांदा गोंदियाला येणार नाही, मेरे को सब समझता है. मग त्याने ट्रे पुढे सरकवला. आटे सगळ्यांचे सारख्याच जाडीचे दिसत होते, फक्त लांबी कमीजास्त. मी विचार केला, जेवढा लांब तेवढा आत जाईल, आणि जेवढा आत जाईल तेवढी ठिणगी पक्की पडेल. भाजीबाजारात शेवग्याची शेंग निवडावी तसा मी तो निवडला. दुकानदाराने तो कागदात गुंडाळून दिला. गिऱ्हाईक शहाणं असलं की तो तरी काय बोलणार.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिस्टर शेतावर असताना मी पाना घेऊन स्वतः प्लग बसवला. आटे कसे गुळगुळीत फिरत गेले. जुना प्लग उकिरड्यात फेकला, नाहीतर तो परत गॅसवर चढला असता.

सकाळी गाडी पहिल्या किकला लागली. मिस्टर चकित. मी पिशवीत ब्लाउज घेऊन मागे बसले, नव्या प्लगचं गुपित ठेवलं, पण चेहऱ्यावर काय होतं ते मला आठवतं. साडेअकराला लग्न होतं. नवरीकडे दुसरा पांढरा ब्लाउज नव्हता, आणि मी तिच्या आईला दहापर्यंत आणून देते म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

दोन-तीन किलोमीटरवर टकटक सुरू झाली. चेन ढिली असेल, मी मागून म्हणाले. हायवेला लागता लागता गाडी बंद पडली, ती पडलीच. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. ढकलत ढकलत ढाब्याशेजारच्या मिस्त्रीकडे नेली. त्याचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून मिस्टर ब्लाउजची पिशवी डोक्याच्या वर धरून उभे राहिले.

मिस्त्रीने प्लग काढला. त्याचं टोक चपटं झालेलं. तो पिस्टनवर आपटत होता, हे त्याने बोटाने करून दाखवलं. आणखी थोडं गेलो असतो तर पिस्टनलाच भोक पडलं असतं म्हणाला. मग विचारलं, "हा कोनं बसवला?"

मिस्टर म्हणाले, "मी नाही."

तिसरं माणूस तिथे नव्हतं. जुना कुठे आहे, असं मिस्टरांनी विचारलं तेव्हा मी दुकानापासून उकिरड्यापर्यंत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसते हातातली पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन उभे राहिले. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रीने डब्यातले जुने प्लग खाली ओतले, एकेक माझ्या लांब प्लगशेजारी धरला, आणि त्याच्या निम्म्याएवढा एक शोधून घासून लावला. तास गेला, की जास्त, सांगता येत नाही. मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. मंडपात मंडळी बसलेली, वराकडचे लोक कुजबुजत होते. नवरी खोलीत, अंगात मावशीचा पिवळा ब्लाउज, त्यावर पांढरी साडी अर्धी गुंडाळलेली. पिवळा घालून मी बाहेर येत नाही म्हणून ती हटून बसली होती, आणि रडून डोळे सुजले होते. ब्लाउज घातला. बसला. वंदना सुरू झाली तेव्हा मी मागच्या रांगेत उभी होते, साडीला ग्रीसचा डाग.

जेवणं झाल्यावर मिस्टरांनी सगळं नवरीच्या काकांना सांगितलं, आणि नको तेवढं रंगवून सांगितलं. गॅस, शेवग्याची शेंग, उकिरडा, सगळं. माणसं हसत होती. नवरी फोटोसाठी शेजारीच उभी होती, तिनेही ऐकलं. ती हसली नाही. माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मापाचा ब्लाउज नाही आणला म्हणून तुम्ही मले दोन खेपा घरी वापस धाडलं होतं. त्या दुकानवाल्यानं तुमाले काऊन नाही धाडलं?"