राजघराण्याचं आडनाव

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात आमच्या मॅनेजरचं आडनाव आयरिश होतं. इतकं सर्रास, की ऑफिसच्या रस्त्यावरच त्या आडनावाचा एक डेंटिस्ट होता, एक छप्परं दुरुस्त करणारा होता आणि अंत्यविधीचं सगळं बघणारी एक कंपनीही होती. या गृहस्थाला मात्र ते राजघराण्याचं वाटे. जन्म जवळच्याच रेडिंगचा, आयर्लंड पाहिलं ते मित्राच्या लग्नाआधीच्या स्टॅग पार्टीपुरतं. पण डेस्कवर ऑनलाइन मागवलेलं घराण्याचं चिन्ह, आणि कोणी विचारो न विचारो, आपले पूर्वज राजे होते हे पुराण.

टीममध्ये माझ्याच आडनावाची आणखी एक मुलगी होती. ती नागपूरची, मी पुण्याची. नातं काही नाही. तो आम्हाला बहिणी समजे. तिने कित्येक वीकेंड घालवून उभं केलेलं काम त्याने सगळ्या ऑफिससमोर माझ्या नावावर खपवलं. मीटिंग संपल्यावर मी त्याला चूक सांगितली, तर म्हणाला, तुमच्याकडे सगळ्यांची आडनावं एकच, आम्ही किती लक्षात ठेवायचं? ती शेजारीच उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

वाढदिवसाला त्याने टीमला आपल्याच आडनावाच्या पबमध्ये नेलं. मालक लांबचा भाऊच निघणार, असं वाटभर सांगत होता. बारमागे एक सरदारजी ग्लास पुसत होते. त्यांना याने मालकाला बोलवायला सांगितलं.

"मीच मालक," ते म्हणाले.

"मग बाहेर नाव आहे ते?"

"पाटी आधीपासूनच होती. गिऱ्हाइकांना सवय झालेली, म्हणून ठेवली."

कधी उलटून न बोलणाऱ्या त्या मुलीने शांतपणे विचारलं, "म्हणजे हेही तुमच्या राजघराण्यातलेच का?"

मॅनेजर मेन्यू वाचायला लागला. जेवताना त्याने समजावलं, की खरी शाखा एकच, बाकीच्यांनी नुसतं नाव उचललं. कोणी ऐकत नव्हतं.

सोमवारी तिने त्याच्या वरिष्ठांना मेल केली. काम कोणाचं होतं, ते त्यांनी सगळ्यांना कळवलं. पुढे ती बर्मिंगहॅमच्या टीममध्ये गेली. तिथली मॅनेजर तिला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारते.

आणि याचं काय झालं? काही नाही. अजून तिथेच आहे, अजून मॅनेजरच आहे.