मिस्त्रींच्या डोळ्यावर नेम

वडिलांच्या जुन्या रायफलीची नळी आणि बोल्ट अजून ठणठणीत आहेत, पण खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता त्यांच्या लांब हातांच्या मापाचा. त्या दस्त्यापायी गेल्या साली माझी गोळी रानडुकराच्या पोटात बसली. आतडी फरफटत ते सबंध दुपार आमच्या भातातून पळत राहिलं. शेवटी मी कोयत्यानं त्याचा गळा चिरला. म्हणून बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे माझ्या मापाचा शिसवी दस्ता करायला टाकला.

काल नवा दस्ता बसवून झाल्यावर मिस्त्रींनी बोल्ट काढून खिशात टाकला. त्याच्याशिवाय गोळी सुटणं शक्यच नाही. मग ते तीन पावलांवर माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "डोळे मिटून खांद्याला लावा. मग उघडा आणि माझ्या उजव्या डोळ्यावर नेम धरा. माप असंच कळतं."

मी डोळे उघडले. लाकूड गालाला असं चिकटलं होतं, जणू माझंच हाड. नळीच्या टोकावर त्यांचा म्हातारा, पाणावलेला डोळा अगदी निवांत होता. जुन्या दस्त्याशी मी दरवेळी क्षणभर अडखळायचो आणि मला तो बंदुकीचा दोष वाटायचा. आता मधे अडखळण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"झकास बसलाय," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पण चाप का ओढलात?"

मी खाली पाहिलं. बोट अजून चाप दाबूनच होतं.