उसनं लुगडं

बाळकुमच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा गावातल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो. किती लिहिले ते आठवत नाही. एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

तो एका म्हातारीचा होता. तिचा उभा जन्म मिठागरात गेलेला. नवरा आधीच गेला, मग एकुलता मुलगा तापाने गेला. खाऱ्या पाण्याने पाय फुटलेले, डोळ्यांना अंधुक दिसायचं. सरकारी अनुदानावर चालणारं निराधार म्हाताऱ्यांचं एक घर ठाण्यात आहे, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. शाळा सुटल्यावर ती भिंत धरत धरत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मना तवरा अर्ज लिवून द्या. दोन येलचा भात, आन् हाकेला कोन तरी. आजून काय नको."

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगतो. कुणाकडे कालवण झालं की तिच्याकडे वाटी जायची. पण मिठाचा हंगाम लागला की पहाटेच सगळं गाव खाडीवर, घरांना कड्या, आणि म्हातारी अख्खा दिवस उपाशी. मागच्या हंगामात ती दारात पडली, ती संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

अर्ज गेला. मामलेदार कचेरीतून चौकशीला साहेब येणार असा निरोप आला. माझ्या तोंडी तीळ भिजेल तर शपथ! मी तो चावडीवर सांगून मोकळा झालो. गावात साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुण्यासमोर गावाची अब्रू जाता कामा नये. बायकांनी तिची झोपडी सारवली. एकीने घासलेली पितळी भांडी आणून मांडली, दुसरीने तिच्या रिकाम्या कणगीत तांदूळ ओतले. शेजारणीने पेटीतलं स्वतःचं नवं लुगडं काढून तिला नेसवलं.

साहेब आले. भला माणूस होता. चहा घेतला, कणगीत डोकावले आणि पाटलाला विचारलं, "बाईंना बघणारं कोण आहे?"

"कोन म्हंजे?" पाटील उसळला. "आमी काय मेलू? आमचे गावान कोन निराधार नाय, साहेब."

मग साहेबांनी म्हातारीलाच विचारलं, "आजी, इथे काही कमी आहे का?"

ती इकडेतिकडे बघू लागली. भांडी देणारी समोर होती, तांदूळ देणारी समोर होती. पदर मुठीत गच्च धरून ती म्हणाली, "नाय बाबा. काय कमी नाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी दारातच उभा होतो, मला बोलता आलं असतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला गावाचा अभिमान वाटत होता. डोळेसुद्धा भरून आले होते माझे, गाढवाचे. जाताना साहेब म्हणाले, "मास्तर, असं गाव भाग्याने मिळतं."

संध्याकाळी ज्याची भांडी त्याच्या घरी गेली. तांदूळ गेले. लुगडं घडी होऊन पेटीत गेलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही.

महिन्याभराने उत्तर आलं: गावाचा आधार असल्याने अर्ज नामंजूर. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग आता खरां लिवा, गुरुजी."

मी म्हटलं, परीक्षा होऊ द्या, मग लिहितो. ती आणखी दोनदा येऊन गेली, आणि दोन्ही वेळा मी परीक्षेचंच कारण सांगितलं. खरं लिहायचं म्हणजे गावाला खोटं पाडायचं, आणि मला त्याच गावात राहायचं होतं.

मिठाचा हंगाम ऐन भरात असताना एका संध्याकाळी गाव परतलं, तेव्हा ती दारात पडलेली होती. अंग गार झालं होतं. हाक तिने मारलीच असेल. किती वेळा मारली असेल, या विचाराने आज इतक्या वर्षांनीही मला रडू येतं.

अख्खं गाव जमलं. कुणी काही कमी पडू दिलं नाही. शेजारण रडत रडत घरात गेली आणि पेटीतलं तेच लुगडं घेऊन आली. म्हातारीच्या अंगावर ते तिने नीट पसरलं, पदर सारखा केला. आता ते परत द्यायचं नव्हतं.