मलप्पाकाकांचा हबसाणी साप

घरी पाहुणा आला, की पाण्याच्या तांब्याआधी मलप्पाकाका त्याला साप दाखवायचे. साप म्हणजे त्यांचाच डावा हात. मूठ पुढं करून तिच्यावर बोट टेकवायचं आणि सांगायचं, "हितनं डोळ्यावरनं दोन फिक्कट रेघा. अंग तपकिरी, तेल लावल्यागत चकचकीत. इख म्हणाल तर थेंबभर न्हाय!"

काका नळदुर्गला आमचे शेजारी. निजामाच्या मुलखातून सोलापूरला जाऊन ते इंग्रजांच्या फौजेत लॉरी चालवायला लागले आणि लढाईत थेट आफ्रिकेत पोचले. ते त्या मुलखाला हबसाण म्हणत. तिथं रेशनच्या कोठारात हा घरसाप राहायचा. दिवसा पोत्यांमागं पडून असायचा. अंधार पडला की उंदराला विळखा घालून गिळायचा. "आमच्या पिठाचा पहारेकरी त्योच," काका म्हणायचे. ऐकणारे हसायचे. फौजेतून आलेला माणूस थापा मारणारच, असं सगळे धरून चालत.

त्यांची लेक कमल माझी मैत्रीण. तिच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच ज्वारीच्या पोत्यांमागून एक भला लांब साप सळसळत मांडवात आला. बायका ओरडल्या, वऱ्हाडी काठ्या घेऊन धावले.

"अपशकुन झाला! लगीन थांबवा!" नवऱ्या मुलाचे चुलते गरजले. कमलचा चेहरा पांढरा पडला.

काका काठ्यांच्या मधे जाऊन उभे राहिले. "आधी बघू द्या, मग मारा." त्यांनी वाकून नीट पाहिलं. "धामण हाय. हिलाबी इख न्हाय. हबसाणात असल्याच सापानं आमचं रेशन राखलं."

"पुरे तुमचं हबसाण!" चुलत्यांनी काठी उगारली.

तेवढ्यात नवऱ्या मुलाची आई पुढं आली. ती अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी. "केरे हावु री इदु! धामणच हाय ही. उंदरं खाती. आमच्या घरी हिला कुणी मारत न्हाई. भावजी, काठी ठेवा आन् अक्षता घ्या!"

काकांनी धामण अलगद उचलून रानात सोडली, हात धुतले आणि लग्न लागलं.

पंगतीत विहीणबाईंनीच विषय काढला, "व्याही, ते हबसाणातलं काय म्हणत होता?" काका सांगू लागले. पुढ्यातलं अन्न निवलं, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. चुलतेसुद्धा घास हातात धरून ऐकत होते.

पाठवणीला गाडी जुंपली, तरी काका कमलचा हात सोडेनात. विहीणबाईंनी तो हळूच सोडवून आपल्या हातात घेतला.

"सणाला या, व्याही. घरच्या पोरांनी अजून न्हाई ऐकली तुमची गोष्ट."

काका डोळे पुसत हसले आणि वेशीपर्यंत गाडीसोबत चालत गेले.