गुंतेवाली आत्या

घरात काही अडलं की माणसांची तोंडं उतरतात. आमच्या आत्याचं खुलायचं. 'लोकरीचा पार गुंता झाला हो' एवढं कानावर पडायचा अवकाश, आत्या मळायला घेतलेली कणीक तशीच टाकून, पदराला हात पुसत बाहेर यायची. "कुठं आहे? दाखव नं वं!" जणू कोणी पेढेच आणलेत. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत तिला सगळे गुंतेवाली आत्या म्हणत, आणि त्या नावाचा तिला कोण अभिमान!

आमच्या आजोबांचा उमरेडला हातमाग होता. सुताच्या गुंतलेल्या लडी सोडवायचं काम घरातल्या मुलींकडे असायचं, आणि त्यात आत्या पटाईत. पुढे माग बंद पडला, आत्या लग्न होऊन नागपूरला आली, पण बोटांची सवय गेली नाही. मग शेजारणींची लोकर, भरतकामाचं रेशीम, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, जे गुंतेल ते तिच्याकडे यायचं.

कात्रीचं नाव काढलेलं तिला खपत नसे. तोडून जोडलेल्या धाग्याची गाठ लुगड्यात कायम दिसते, असं तिचं म्हणणं. गुंता सुपात ठेवायची, चारी बाजूंनी सैल करायची, आणि मगच टोक शोधायची. आम्हा भाचरांना तेवढा धीर कुठला! आम्ही मध्येच एखादा धागा ओढायचो आणि हातावर चापटी खायचो. "जोर काहून लावून राहिली? त्याले जरा श्वास घेऊ दे." सोपा गुंता तर ती आल्या पावली परत करायची. "हे तर तूच करशील, मले काहून देते?" अवघड असला मात्र, की तिला जेवणाची शुद्ध नसायची.

आतोबा गेले तेव्हा आत्या भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बोलेना, खाईना. घर पाहुण्यांनी भरलेलं. माझ्या गळ्यातली बारीक सोन्याची साखळी गुंतली होती आणि मी कोपऱ्यात बसून ती ओढत होते. "ओढू नको वं, तुटन. इकडे आण." आतोबांनंतरचे तिचे ते पहिले शब्द. साखळी सुटली, आणि आत्याने चहा मागितला. बायका आपसात कुजबुजल्या. मी मात्र चहा करता करता स्वयंपाकघरात रडून घेतलं, कारण आत्या परत आली होती.

काळ पालटला. स्वेटर तयार मिळू लागले, भरतकाम कोणी करेना. आत्याचा मुलगा आणि वंदनावहिनी दोघंही गुणी. त्यांनी तिला आरामखुर्ची आणली, स्वयंपाकाला बाई लावली. "आई, तुम्ही फक्त बसा," असं वहिनी मायेने म्हणायची. आत्या बसली. बसून बसून वाळत गेली. दिवसा झोपायची, अर्धी पोळी ताटात ठेवायची. डॉक्टरांना काही सापडेना. मी विचारलं, "आत्या, दुखतं का गं काही?" तर म्हणाली, "दुखत काई नाई. उठून करू काय, तेच समजत नाई."

वहिनीला ते बघवेना. तिने बाजारातून लोकर आणली, स्वतःच्या हाताने तिचा जबरदस्त गुंता केला आणि शेजारणीने पाठवला म्हणून सुपात घालून आत्यापुढे ठेवला. मी त्या दिवशी तिथेच होते. आत्या ताठ बसली, चष्मा मागितला. वहिनीने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. थोड्या वेळाने आत्याची बोटं थांबली.

"वंदना, हा तूच केला नं वं?"

वहिनी घाईने सूप उचलायला वाकली.

"खरा गुंता घाईत पडते. धाग्याले कुठं तरी जायचं असते, म्हणून तो अडकते. याले कुठंच जायचं नाई."

वहिनी तिथेच खाली बसून रडू लागली. आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आवाजात राग नव्हता, तेच मला फार लागलं. "तुह्यं मन कळलं मले. पण कोणाचं काई अडलंच नाई, तर मी कोणासाठी सोडवू?"

तिने सूप हलकेच पलंगाखाली सरकवलं. पुन्हा त्याला हात लावला नाही. त्याच हिवाळ्यात आत्या झोपेतच गेली. आजार असा नव्हताच.

तेरवी झाल्यावर घर रिकामं झालं. मी निघायची तयारी करत होते, तर आत्याच्या खोलीत वहिनी जमिनीवर बसलेली दिसली. मांडीवर ते सूप. आत्यासारखीच चारी बाजूंनी गुंता सैल करायला बघत होती, पण तो आणखीच आवळत चालला होता. मी शेजारी बसले. टोक मलाही सापडेना.

"कापून टाकू का?" मी विचारलं.

तिने सूप छातीशी धरलं.

"नाई ताई," ती म्हणाली. "आता खरंच अडलं माह्यं. आता कोणाले देऊ?"