दूध आत, आम्ही बाहेर

आमच्या नव्या घरात दूध उतू गेलं तेव्हा घरात दूध सोडून कुणीही नव्हतं.

ही गंभीर गोष्ट आहे. माझ्या सासूबाईंनी त्या क्षणाची अडतीस वर्षं वाट पाहिली होती. ठाकुर्लीत एकामागून एक पाच भाड्याच्या खोल्यांत त्यांनी संसार केला आणि पाचही खोल्यांत स्वतःच्या हातून एकदासुद्धा दूध उतू जाऊ दिलं नाही. नव्या घरात दूध उतू घालवलं की घर भरलेलं राहतं, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आईंचं शास्त्र मात्र एक पायरी पुढचं होतं. "भाड्याच्या घरात उतू गेलं, तर भरभराट मालकाची होते!" त्यामुळे दूध तापताना त्या पातेल्यापाशी पहारेकऱ्यासारख्या उभ्या असायच्या. (एकदा माझ्या हातून थोडं उतू गेलं. पुढच्याच महिन्यात मालकाने स्कूटर घेतली! आई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.)

अखेर टिटवाळ्याला आमचं स्वतःचं घर झालं. पाचवा मजला, बाजार पायी दहा मिनिटांवर, आणि जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे गॅलरीतून काळू नदी. (दिसते. नवऱ्याने मागून कंबर घट्ट धरली, तर.) दाराला ओढलं की आपोआप बंद होणारं कुलूप होतं.

"हे आधी बदलू या," अवी, म्हणजे माझा नवरा, म्हणाला. "आपल्याला दार उघडं टाकायची सवय आहे."

"सवयी बदलायलाच तर नवीन घर घेतलंय!" मी म्हणाले. या वाक्याला टाळी पडेल अशी माझी अपेक्षा होती.

गुरुजींनी मुहूर्त दिला साडेअकरा ते बारा. गॅस अजून जोडला नव्हता, म्हणून मी इंडक्शनची शेगडी मांडली. आईंनी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"जाळ नाही, धूर नाही. दूध तापणार कसं?"

"आई, ती आतल्या आत तापते."

"आतल्या आत तर तूही तापतेस सरोज. त्यावर दूध उतू जातं का?"

तरीही त्यांनी पातेल्याला हळदकुंकू वाहिलं, दूध ओतलं आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मी आच मंद ठेवली. पाच मिनिटं झाली. दूध ढिम्म! इकडे माझी नणंद, सुमनताई, घड्याळ बघून उठली. तिला कल्याणला नातू शाळेतून यायच्या आत पोचायचं होतं.

"बघायला थांबले असते गं, पण तुझं दूध संध्याकाळपर्यंत काही तापत नाही," असं प्रेमाने म्हणून ती निघाली. ती लिफ्टपाशी पोचली आणि मला एकदम आठवलं. कुंकू! सवाष्ण बाई पहिल्या दिवशी कुंकू न लावता घराबाहेर पडली, ही बातमी कल्याणला तिच्या आधी पोचली असती! मी करंडा घेऊन धावले.

"अगं, नुसतं कुंकू काय लावतेस? नारळ दे तिला!" म्हणत आई नारळ घेऊन मागोमाग.

"आई, दूध?"

"तुझ्या शेगडीला अजून पुष्कळ वेळ आहे!"

"सुमनताई, पिशवी विसरलीस!" म्हणत शेवटी अवी.

कुंकू लागलं, नारळ गेला, पिशवी गेली, लिफ्ट गेली. आणि जाहिरातीतला 'नदीवरचा गार वारा' त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या घरातून वाहिला.

टक्.

चाव्या तीन होत्या. तिन्ही आत, एका सुंदर स्टँडवर, मी स्वतः ओळीने लावलेल्या. अवीने माझ्याकडे पाहिलं. (पंचवीस वर्षांच्या संसारात इतकं मोठ्याने तो कधीच गप्प बसला नव्हता.)

मी समोरच्या दाराची बेल वाजवली. रेश्मा कांबळे नावाची तरुण मुलगी बाहेर आली. आमची ही पहिलीच भेट. तिने लगेच बाजारातल्या चावीवाल्याला फोन लावला.

"काकी, टेन्शन नका घेऊ. वीस मिनिटांत येतोय."

तोवर आईंनी दाराला कान लावला होता. "उकळी धरतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"इथून ऐकू येतं?"

"अडतीस वर्षं तेच ऐकलंय." त्यांनी कान दारावरून हलवला नाही. दुसरं घर आम्ही या जन्मात घेणार नव्हतो.

"आजी, माझ्या किचनच्या गॅलरीतून तुमची खिडकी दिसते. चला!" रेश्माने आईंचा हात धरला. आम्ही सगळे तिच्या हॉलमधून, बुद्धांच्या तसबिरीसमोरून, अनवाणी धावलो. खिडकी दिसली. पातेलं मात्र दिसेना, कारण ओट्याची शोभा वाढावी म्हणून खिडकीत मी आदल्याच दिवशी भलामोठा मनी प्लांट ठेवला होता!

"काठी!" अवी ओरडला. रेश्माने फरशी पुसायचा मॉप दिला. अवी कठड्यावरून वाकला, मी त्याची कंबर धरली, रेश्माने माझी धरली.

"डावीकडे! अरे, तुझ्या डावीकडे!" आई हुकूम सोडत होत्या. मॉपने पानं बाजूला सरली. आणि त्याच क्षणी दूध वर आलं, काठाशी जरासं थबकलं, आणि गेलं.

आईंनी परक्या गॅलरीत उभं राहून आपल्या घराला हात जोडले. "पूर्वेकडे गेलं," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

मग मनी प्लांट पातेल्यात पडला.

चावीवाल्याने आमचं भक्कम कुलूप अर्ध्या मिनिटात उघडलं. मी ओटा पुसत असताना आई फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होत्या, "अगं, कुणी जवळसुद्धा नव्हतं! वास्तूने आपणहून उतू घालवलं. आमच्या सरोजने मुद्दाम सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं. तिला कळतं त्यातलं!"

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. सासूने केलेलं कौतुक परत करायची आमच्याकडे पद्धत नाही.

बातमी इमारतभर झाली. गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. त्यांनी शेगडीवर दूध ठेवलं, सगळे नवे कपडे घालून पॅसेजमध्ये रांगेत उभे राहिले, आणि दार ओढायचा मान मला दिला. मीही पदर सावरून, डोळे मिटून, अतिशय भक्तिभावाने दार ओढलं.

चावी कुणी घेतलीय का, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.